राजीनाम्याच्या आधी, उंदरांचा एक प्रयोग

(पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४७ वर्षांच्या असून सांगलीजवळच्या एका अनुदानित महाविद्यालयात १९ वर्षे मानसशास्त्र शिकवत आहेत. गेल्या पाच वर्षांत टोपणनावाने लिहिलेल्या त्यांच्या चार विज्ञानकथा दिवाळी अंकांत छापून आल्या. अमेरिकेतील एक मानसशास्त्राचे प्राध्यापक अध्यापन सोडून विज्ञानकथालेखक झाल्याचे त्यांच्या वाचनात आले आणि तेव्हापासून नोकरीत मन लागेनासे झाले. विभागप्रमुख म्हणतात, ‘असले लिखाण प्राध्यापकाला शोभत नाही.’ यजमान म्हणतात, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ घराच्या कर्जाचे सात वर्षांचे हप्ते बाकी आहेत आणि मुलगी बारावीत आहे. आपल्याला भौतिकशास्त्र येत नसल्यामुळे विज्ञानकथा लिहिण्याचा अधिकार नाही, आणि मानसशास्त्रातील १९ वर्षे तर वायाच गेली, असे त्यांना वाटते. एका कथेत महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे स्वप्न वापरले होते व त्याने ते ओळखले, असाही ओझरता उल्लेख पत्रात आहे. त्यांचे प्रश्न दोन आहेत : राजीनामा द्यावा का, आणि टोपणनाव सोडून खऱ्या नावाने लिहावे का?)

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या वाचनात ते नोकरी सोडण्याविषयी आहे असे वाटले, दुसऱ्या वाचनात विभागप्रमुखांविषयी. तिसऱ्या वाचनात, पाचव्या पानाच्या तळाशी कंसात टाकलेल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. त्या वाक्याकडे नंतर येतो. साताऱ्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाच्या संपादनाचे काम मी अकरा वर्षे केले आहे. त्यामुळे कथा लिहिणाऱ्या शिक्षकांची पत्रे मला नवीन नाहीत आणि त्यांतील राजीनाम्याची भाषाही नवीन नाही. ती बहुधा मार्चमध्ये येते, परीक्षांची पर्यवेक्षणे आणि महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली एकाच वेळी अंगावर आलेल्या असतात तेव्हा. तुमच्याही पत्रावर मार्चचीच तारीख आहे.

ज्या गृहस्थांचा दाखला तुम्ही दिला आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू. लॉरेन्स शोन यांनी बोधात्मक मानसशास्त्रात, म्हणजे स्मृती, भाषा, आकलन यांच्या अभ्यासात, डॉक्टरेट मिळवली, सुमारे दहा वर्षे महाविद्यालयात शिकवले आणि मग अध्यापन सोडले, हे तुम्ही वाचले ते खरे आहे. तथापि, अध्यापन सोडल्यावर ते टेबलाशी बसून केवळ कादंबऱ्या लिहू लागले, असे जे चित्र तुमच्या मनात उभे राहिले आहे ते बरोबर नाही. त्यांनी फिलाडेल्फिया परिसरात मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका वैद्यकीय संस्थेत संशोधनविषयक नोकरी धरली आणि लेखन त्या नोकरीच्या बाजूने चालू ठेवले. १९९२ मध्ये त्यांनी एका दूरचित्रवाणी मालिकेतील परग्रहवासीयांच्या क्लिंगॉन या कृत्रिम भाषेच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. आपल्याकडे हे ऐकून लोक हसतील, पण भाषा मनात कशी घडते हा ज्याच्या अभ्यासाचा विषय, त्याच्या दृष्टीने ते काम अभ्यासाचेच होते. ज्या कादंबरीमुळे त्यांचे नाव झाले ती आली २०१५ मध्ये. तिच्यात माणसांसारखे वागणारे हत्ती आहेत, आणि मृतांच्या विखुरलेल्या स्मृतिकणांना एकत्र आणून त्यांच्याशी बोलू शकणारे काही जण आहेत. ती कादंबरी स्मृतीची आहे. म्हणजे त्यांनी वर्ग सोडला तरी विषय सोडला नाही, आणि पगारही सोडला नाही, फक्त पगार देणारा बदलला.

तुमच्या पत्रातील पहिले गृहीतक इथे सैल होते. तुम्ही ‘प्राध्यापक’ आणि ‘लेखक’ या दोन वेगळ्या घरांच्या किल्ल्या आहेत असे धरून चालला आहात, आणि एक घर सोडल्याशिवाय दुसऱ्यात राहायला जाता येत नाही असे मानता. आपल्याच भागातला दाखला घ्यायचा तर जयंत नारळीकरांचा घ्या. कोल्हापुरात जन्मलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, आणि त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, आणि नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. संशोधन सोडले असते तर अधिक लिहून झाले असते का, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत कोणी विचारत नाही, कारण त्या संशोधनाशिवाय ते लेखन संभवलेच नसते हे सर्वांना दिसते. तुमच्या बाबतीत मात्र तुम्हाला ते दिसत नाही, कारण मानसशास्त्र हे ‘विज्ञान’ आहे यावर तुमचाच पुरता विश्वास नाही. माझे म्हणणे कठोर वाटले तर क्षमा करा. पण ‘माझ्या कथांत यंत्रे नाहीत’ हे वाक्य तुमच्या पत्रात चार वेळा आले आहे.

यंत्रांविषयी तुम्हाला तुमच्याच पाठ्यपुस्तकातील एक गोष्ट नव्याने आठवून द्यावीशी वाटते. १९६१ मध्ये येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी आज्ञापालनाचा जो प्रयोग केला तो तुम्ही दरवर्षी शिकवत असाल. पहिल्या मालिकेतील ४० जणांपैकी २६ जणांनी प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून समोरच्या भिंतीपलीकडील माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचे ‘धक्के’ दिले. त्या खोलीत एक रुबाबदार यंत्र होते, त्यावर बटणांची ओळ होती, दिवे होते, व्होल्टेजचे आकडे होते, आणि पलीकडच्या माणसापर्यंत त्यातून वीज मुळी जातच नव्हती. पलीकडे भिंत ठोठावणारा माणूस ठरवून दिलेला अभिनय करत होता. आता हीच गोष्ट विज्ञानकथा म्हणून पाहा : एक काल्पनिक यंत्र, एक साधा नियम, आणि त्या दोहोंमुळे उघडे पडलेले माणसाचे मन. यंत्र कसे चालते हे सांगण्याची तिथे गरजच नव्हती. चांगली विज्ञानकथा ‘असे झाले तर’ हे एकच गृहीतक मांडते आणि बाकी सर्व गोष्टी जशा आहेत तशाच राहू देते. मग त्या एका बदलाने माणसे कशी वागू लागतात ते प्रामाणिकपणे पाहत राहते. हे पाहण्याचे शिक्षण भौतिकशास्त्राच्या पदवीत मिळत नाही, तुमच्या पदवीत मिळते. गृहीतक कोणत्या शाखेतून आणायचे हा तपशिलाचा भाग झाला, आणि तपशील विचारून घेता येतो. महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा विभाग तुमच्याच मजल्यावर असेल.

आता उंदरांची गोष्ट. तुमच्या निर्णयाशी तिचा सरळ संबंध आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत ॲलिस शेल्डन नावाची बाई १९१५ साली जन्मली. चित्रकला, दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील छायाचित्रांवरून माहिती काढण्याचे काम, नवऱ्याबरोबर कोंबड्यांची पैदास, काही वर्षे सीआयएमधील नोकरी, एवढे सगळे करून ती चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा महाविद्यालयात गेली आणि १९६७ मध्ये, म्हणजे तुमच्यापेक्षाही मोठ्या वयात, प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवून बाहेर पडली. तिने थोडा काळ मानसशास्त्र शिकवलेही. डॉक्टरेटच्या शेवटच्या धावपळीतच तिने काही विज्ञानकथा लिहून मासिकांकडे पाठवल्या. नाव घेतले जेम्स टिपट्री, आणि ते घेतले दुकानातल्या मुरंब्याच्या बरणीवरून! १९६८ पासून त्या कथा छापून येऊ लागल्या आणि पुढे विज्ञानकथेतील दोन्ही मोठे पुरस्कार, ह्यूगो आणि नेब्युला, त्या पुरुषी नावाला मिळाले. हे लेखन बाईचे असेल ही शंकाच हास्यास्पद आहे, असे एका नामवंत लेखकाने छापून टाकले. १९७७ च्या सुमारास खरे काय ते बाहेर आले तेव्हा त्याची चांगलीच पंचाईत झाली.

परंतु मला बोलायचे आहे ते तिच्या प्रबंधाविषयी. तिचा प्रश्न असा होता की, प्राण्याला नवी वस्तू आवडते की ओळखीची? त्याआधीच्या संशोधनातून उत्तरे दोन्ही बाजूंची येत होती. तिने उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, उत्तर वस्तूवर नाही, जागेवर अवलंबून आहे. उंदीर ओळखीच्या, सुरक्षित जागेत असेल तर तो नव्या वस्तूकडे जातो, तिला हुंगतो, तिच्याभोवती फिरतो. तोच उंदीर अनोळखी जागेत टाकला की ओळखीच्या वस्तूला धरून राहतो.

उंदरावरून माणसाचा निर्णय घेऊ नये, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही तुमचे पत्र हातात असताना हा प्रयोग डोळ्यांपुढून हलत नाही. पाच वर्षांत तुम्ही ज्या चार कथा लिहिल्या, आणि त्यांपैकी दोन मी शोधून वाचल्या, त्या धाडसी आहेत. त्या कोणत्या परिस्थितीत लिहिल्या गेल्या? पगार वेळेवर जमा होत होता, वर्ग ओळखीचा होता, दुपारी दोननंतर ग्रंथालयातील कोपऱ्यातले टेबल तुमचे होते. त्या ओळखीच्या जागेत उभे राहून तुम्ही नव्याकडे हात पुढे केला. उद्या हप्ता भरण्याची तारीख आणि कथेचे मानधन यांची सांगड घालत बसावे लागले, तर तुम्ही असेच धाडसी लिहाल, की संपादकाला आवडेल याची खात्री असलेले, आधी दहा जणांनी लिहिलेले यंत्रमानवच पुन्हा लिहाल? माझ्या संपादकीय अनुभवात पूर्णवेळ लेखनावर पोट भरू पाहणाऱ्यांचे लेखन लवकर जुने होताना दिसले आहे. अपवादही पाहिले आहेत, पण त्या अपवादांच्या घरात बहुधा दुसरा कोणीतरी कमावता होता. ॲलिस शेल्डनही शिकागोतील सधन घरातली होती आणि तिची आई नावाजलेली लेखिका होती. तिच्या चरित्रातील कोंबड्या आणि मुरंब्याची बरणी लोकांच्या लक्षात राहते, ही बाजू राहत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो एकदाच आणि स्पष्ट बोलून घेऊ. समजा तुमची दोनशे पानांची कादंबरी निघाली, किंमत ३०० रुपये ठेवली, प्रकाशकाने १० टक्के स्वामित्वधन मान्य केले आणि हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तर तुमच्या हाती ३०,००० रुपये येतील, आणि तेही आवृत्ती संपायला लागतील तेवढ्या काळात विभागून. हा केवळ हिशेब समजण्यासाठी धरलेला आकडा आहे, पण त्यात शून्य वाढवून स्वप्न पाहू नये. दिवाळी अंकांचे म्हणाल तर काही अंक सन्मानाने मानधन देतात आणि बरेच अंक आभाराचे पत्र व एक प्रत देतात. आम्हीही पहिली चार वर्षे तेच केले, हे लाजत सांगतो. दुसरे असे की, तुमची नियुक्ती २००६ ची आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना सहसा लागू नसल्याने ‘वीस वर्षे भरली की सुटलो’ हे स्टाफरूममध्ये ऐकू येणारे वाक्य तुम्हाला जसेच्या तसे लागू पडत नाही. ते वाक्य उच्चारणारे बहुधा तुमच्या आधी लागलेले असतात. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतून वयाच्या साठीआधी बाहेर पडणाऱ्याला जमा रकमेचा मोठा भाग वार्षिकीत, म्हणजे पुढे ठरावीक रक्कम देत राहणाऱ्या योजनेत, सहसा गुंतवावा लागतो. तेव्हा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी कार्यालयात जाऊन स्वतःचे सेवापुस्तक पाहा, खात्यातील आजची शिल्लक लेखी मागून घ्या आणि तो कागद यजमानांच्या समोर ठेवा. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ या वाक्याला तुम्ही संमती समजला आहात. मला ते वाक्य पुरेशी माहिती नसलेल्या माणसाचे वाटते. आकडे पाहिल्यावर ते काय म्हणतात ते ऐका.

तुम्हाला नेमके काय सोडायचे आहे, हेही एकदा तपासायला हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाला आठवड्याला १४ तास थेट अध्यापन करायचे असते. तुमच्या पत्रात त्या चौदा तासांविषयी तक्रारीचा एक शब्द नाही. उलट, स्मृती शिकवताना मागच्या बाकावरील मुलांनी विचारलेले प्रश्न तुम्ही जवळजवळ पानभर लिहिले आहेत. तक्रार आहे ती फायलींची, समित्यांची, प्रवेशाच्या रांगांची आणि विभागप्रमुखांची. ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचे औषध राजीनामा नसून दोन समित्यांचे काम लेखी कारण देऊन नाकारणे हे असू शकते. पदोन्नतीच्या गुणांत त्याने काही कमी-जास्त होत असेल तर तो हिशेबही करा. सहयोगी प्राध्यापकपदावरून पुढे जायचेच नसेल, तर ते गुण तुम्ही कोणासाठी जमवता आहात?

विभागप्रमुखांविषयी मी फार लिहिणार नाही. वर्तनवादाचे, म्हणजे मनाऐवजी दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्राचे, मोठे नाव असलेल्या बी. एफ. स्किनर यांनी १९४५ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत एक कादंबरी लिहिली. वर्तनाच्या शास्त्रावर उभारलेल्या एका काल्पनिक वसाहतीची ती कथा १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्या कादंबरीशी पुष्कळांचे मतभेद आहेत, माझेही आहेत, पण ती लिहिणे प्राध्यापकाला शोभत नाही असे त्यांना तिथे कोणी म्हटल्याचे दिसत नाही. तुमच्या विभागप्रमुखांना हा दाखला देऊ नका. वाद वाढेल. स्वतःपुरता लक्षात ठेवा.

आता कंसातले ते वाक्य. ‘एका कथेत एका विद्यार्थ्याचे स्वप्न जरा बदलून घेतले होते, त्याने ते ओळखले, पण तो काही बोलला नाही,’ असे तुम्ही लिहिले आहे. महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षाचे काम तुमच्याकडे आहे, हे पत्रात आधी येऊन गेले आहे. म्हणजे ते स्वप्न त्याने तुम्हाला चहाच्या टपरीवर सांगितलेले नाही, बंद दाराआड, विश्वासाने सांगितलेले आहे. ताई, तुमच्या सगळ्या पत्रात मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही एकच आहे, आणि तुम्ही ती कंसात टाकली आहे.

तो बोलला नाही याचा अर्थ त्याला काही वाटले नाही असा तुम्ही घेतला असेल, तर तुमच्या विषयाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला ते शोभत नाही. तो विद्यार्थी आहे, तुम्ही त्याच्या प्रात्यक्षिकाचे गुण देता, त्याने काय बोलावे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गुप्तता हा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. तुमचा कक्ष त्या कायद्याच्या चौकटीत नेमका कुठे बसतो हा वकिलांचा प्रश्न झाला, पण व्यवसायाची नीती कायद्याच्या आधीची आहे. लेखकाने आयुष्यातून काहीच उचलू नये असे मी म्हणत नाही. सगळेच उचलतात. परंतु उचललेले इतके बदलावे की ज्याचे ते आहे त्याला स्वतःला ते सापडू नये, आणि समुपदेशनात ऐकलेले तर मुळीच उचलू नये, अगदी बदलूनही नाही. कारण बदल पुरेसा झाला की नाही हे ठरवणारे तुम्ही एकट्याच असता, आणि आपल्या कथेच्या प्रेमात पडलेला लेखक या बाबतीत विश्वासार्ह न्यायाधीश नसतो.

तुम्ही काय करावे? त्या मुलाला बोलावून घ्या, पण समुपदेशन कक्षात नको आणि विभागातही नको. त्याला सोयीचे वाटेल अशा जागी भेटा. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे तीन शब्द आधी म्हणा, स्पष्टीकरण नंतर, आणि त्याने विचारले तरच. ती कथा पुढे संग्रहात घ्यायची की नाही हे त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर ती संग्रहात येणार नाही असे त्याला तिथेच सांगा. त्याला पुढे समुपदेशनाची गरज असेल तर दुसऱ्या कोणाकडे पाठवण्याची सोय तुम्हीच करा. आणि यापुढे समुपदेशन कक्षाचे काम करायचे की लिहायचे, यांतून निवड करावी लागलीच तर मी तुम्हाला कक्षाचे काम सोडायला सांगेन. पत्रात तुम्ही विचारलेली निवड नोकरी की लेखन अशी आहे. मला खरी निवड ही दिसते. संस्थेत दुसरे प्रशिक्षित समुपदेशक असतील तर ही जबाबदारी त्यांच्याकडे द्यावी अशी विनंती करता येईल. ती मान्य झाली तर कंसातले वाक्य पुन्हा लिहिण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

मग लिहायचे कशाबद्दल, असे तुम्ही म्हणाल. तुम्ही सांगलीजवळ राहता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या आठवड्याविषयी आज गल्लीतील दहा जणांना विचारा : पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, वीज कधी गेली, होडीत आधी कोण बसले? दहा उत्तरे येतील आणि दहाही जण छातीवर हात ठेवून सांगतील. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयान कोसळले तेव्हा मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून, ती बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली, हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. पुष्कळांची उत्तरे साफ बदलली होती, मात्र खात्री कमी झालेली नव्हती. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद दाखवल्यावरही त्यांना मूळ आठवण परत आली नाही. आता या एका प्रयोगात ‘असे झाले तर’ घाला : महापुराच्या सात दिवसांची गावाची मूळ, न बदललेली स्मृती कुठेतरी जशीच्या तशी साठवून ठेवलेली असेल तर? ती कोणाला हवी असेल, आणि कोण ती उघडू देणार नाही? नुकसानभरपाईचे पंचनामे आहेत, भावाभावांतील वाद आहेत, कोणी कोणाला मागे सोडले याच्या गोष्टी आहेत.

ती कुठे साठवायची हेही तुमच्या शेजारी तयार आहे. हरिपूरला हळदीची पेवे होती, तोंड अरुंद आणि पोट रुंद असलेली, जमिनीच्या आत उतरलेली कोठारे. त्यांत हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय राहत असे. पेव उघडल्यावर आतली कोंदलेली हवा जाईपर्यंत माणसाला खाली उतरता येत नसे. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच निकामी झाली. स्मृतीचे पेव! उघडल्याबरोबर आत उतरणारा गुदमरतो, वाट पाहणारा उतरतो. यात भौतिकशास्त्राचे एकही समीकरण लागत नाही, आणि हे मुंबईत बसलेल्या कोणालाही तुमच्याइतके चांगले लिहिता येणार नाही. (कल्पना मी दिली म्हणून संकोच करू नका. संपादकाच्या अशा फुकटच्या कल्पना लेखक सहसा वापरत नाहीत, आणि ते बरोबरच असते.) विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जिथे पहिले नाटक उभे केले त्या गावाला, इथे नवा प्रकार चालेल का, असे विचारण्याची गरज नसावी.

वेळापत्रकाचे बोलायचे तर, हे तुमच्याप्रमाणे नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल. आमच्याकडे दिवाळी अंकाची पत्रे एप्रिल-मेमध्ये जात, साहित्य जुलैअखेरपर्यंत लागे आणि ऑगस्टनंतर आलेली कथा कितीही चांगली असली तरी बहुधा पुढच्या वर्षीवर जाई. म्हणजे शिक्षकाची उन्हाळी सुटी आणि अंकाचे वेळापत्रक एकमेकांना पूरक आहेत. या सुटीत एकच कथा पूर्ण करा, दोन नकोत. सत्र सुरू झाल्यावर आठवड्यातील दोन दुपारी, तुमच्या त्या ग्रंथालयाच्या टेबलावर, फक्त दुरुस्ती करा. नवे लेखन सुटीत आणि दुरुस्ती सत्रात, ही विभागणी मी अनेक शिक्षक-लेखकांत टिकलेली पाहिली आहे. हे दोन वर्षे करून पाहा. त्या काळात कादंबरीचा एक पुरा खर्डा हाती आला, मुलगी पदवीच्या मार्गाला लागली, आणि तरीही वर्गात पाऊल ठेवताना आजच्यासारखेच वाटत असेल, तर प्रथम बिनपगारी रजेचा अर्ज करा. सहा महिने किंवा वर्षभर पगाराशिवाय घर चालवून पाहिल्यावर राजीनाम्याविषयी जे ठरेल त्यावर माझा अधिक विश्वास बसेल. सोडणे कधीच योग्य नसते असे मी म्हणत नाही. प्रकृती ढासळत असेल, किंवा नोकरीत रोज अपमान सोसावा लागत असेल, तर हिशेब बाजूला ठेवून बाहेर पडावे. तुमच्या पत्रात तसे काही मला दिसले नाही. माझे वाचन चुकले असेल तर पुन्हा लिहा.

राहिला टोपणनावाचा प्रश्न. तुम्ही टोपणनाव घेतले ते विभागप्रमुखांच्या भीतीने, असे लिहिता. ती भीती आता फारशी उरलेली नाही, कारण त्यांना सगळे ठाऊक आहेच. परंतु त्या विद्यार्थ्याशी बोलणे होईपर्यंत नाव उघड करू नका. आज ती कथा त्याने एकट्याने ओळखली आहे, तुमचे नाव तिच्यावर आले की त्याचे मित्रही ओळखतील. त्यानंतरचे तुमचे तुम्ही ठरवा. शेल्डनबाईंना नाव उघड झाल्यावर पूर्वीसारखे मोकळे लिहिता येईना, नारळीकरांना त्याची काहीच अडचण झाली नाही. खऱ्या नावाने लिहिणार असाल तर त्याआधी संस्थेच्या सेवानियमांत लेखन व मानधनाविषयी काय आहे ते वाचा आणि प्राचार्यांना एक साधे लेखी पत्र द्या. परवानगी मागणारे नको, कळवणारे पुरे.

राजीनाम्याचा जो मसुदा तुम्ही अभिप्रायासाठी सोबत पाठवला होता, तो परत पाठवत आहे. त्यातील ‘वाया गेलेली एकोणीस वर्षे’ या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे. बाकी मजकुराला हात लावलेला नाही.